बंडीची वाट आणि मुलखाचा रस्ता

हिवरखेड नावाची गावं वऱ्हाडात एकाहून जास्त आहेत. एक अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. दुसरे अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. हिवर हे आपल्याकडचे काटेरी झाड. त्या झाडावरूनच ही नावं पडली असावीत. आपण इथे सातपुड्याखालच्या हिवरखेडातून निघू आणि वाटांची गोष्ट वाचू.

हिवरखेडहून अकोल्याला जायचे तर माणूस काय करतो? येस्टीच्या थांब्यावर उभा राहतो. अडगाव, अकोट करत गाडी दक्षिणेला वळते. गांधीग्रामजवळ पूर्णा नदी ओलांडते आणि अकोल्याला पोचते. सकाळी निघालेला माणूस कचेरीतले काम करून दिवेलागणीला घरी येतो. हीच वाट बंडीने कापायची तर पूर्वी मध्ये मुक्काम करावा लागे. आणि मृग लागला की वाटच बंद होई. "पाऊस सुरू झाला की गाव म्हणजे बेट," असे जुनी माणसं सांगतात, ते काही खोटे नाही.

रस्ता दिसला की आपण तो कुठे जातो एवढेच विचारतो. तो कोणी केला आणि कशासाठी केला, हे सहसा विचारत नाही. आज ते विचारून पाहू.

काळी माती आणि चाक

आपले वाडवडील गावाच्या जमिनीचे दोन भाग धरीत. वस्तीची जागा ती पांढरी. शेतीची जमीन ती काळी. वऱ्हाडची काळी कापसाला चांगली, जगात नाव झाले तिचे. पण रस्त्याला तीच वैरीण आहे. असे का?

या मातीचे कण फार बारीक असतात. पाऊस पडला की ते पाणी पितात आणि फुगतात. उन्हाळ्यात पाणी आटले की माती आक्रसते. मग जमिनीला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. म्हणजे ही जमीन वर्षभर खालीवर होत असते. तिच्यावर नुसते दगड टाकले तर पहिल्या दोन पावसांतच ते पोटात जातात. वरून बंडी गेली की चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचते. पुढची बंडी त्याच चाकोरीत आसापर्यंत रुतते. बैल गुडघ्यावर येतात. मग चार माणसं चाकाला खांदा लावतात. हा प्रसंग ज्याने पाहिला नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळा.

यावर उपाय काय ते जुन्या लोकांनाही ठाऊक होते. वाट उंचवट्यावरून न्यायची. मुरमाड पट्टा शोधायचा. नाला ओलांडायचा तो खडकाळ पात्राच्या जागी. म्हणून जुन्या वाटा वाकड्यातिकड्या दिसतात. त्या वेड्यावाकड्या नाहीत, पाय कुठे रुततो आणि कुठे नाही हे पाहून पडलेल्या आहेत.

पक्का रस्ता करण्याची आजची रीत एका स्कॉटिश माणसाने रूढ केली. त्याचे नाव जॉन मॅकॅडम. तो 1756 साली जन्मला आणि 1836 साली वारला. त्याचे म्हणणे सोपे होते. ओझे शेवटी जमीनच पेलते. ती कोरडी राहिली तर पेलते, ओली झाली तर नाही. म्हणून रस्ता शेतापेक्षा उंच ठेवा. मधोमध फुगवटा द्या, बाजूंना उतार द्या, दोन्हीकडे नाली काढा. वर मोठे धोंडे नकोत, बारीक फोडलेली खडी घाला. चाकं फिरली की खडीचे टोकदार तुकडे एकमेकांत अडकून बसतात आणि कवच तयार होते. डांबर नंतर आले. पण डांबर घातले आणि नाली काढली नाही, तर काळ्या मातीत तो रस्ता दोन पावसाळेही टिकत नाही. आपल्या गावचा रस्ता उखडला की आपण डांबराला नावे ठेवतो. आधी नालीकडे बघावे.

आता चाकाकडे बघू. बंडीचे चाक म्हणजे सुतार आणि लोहार दोघांची कमाई. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, त्यांच्याभोवती लाकडी पुठ्ठे. हे सुतार करतो. वर लोखंडाची धाव चढवतो तो लोहार. धाव चाकापेक्षा थोडी लहानच करतात. तिच्याभोवती गोवऱ्यांचा जाळ करून ती लाल होईपर्यंत तापवतात. तापले की लोखंड वाढते. मग चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवतात. लाकूड धुमसू लागते. लगेच पाणी ओततात. लोखंड थंड होऊन आवळते आणि सगळे चाक करकचून बांधले जाते. खिळा कमी, अक्कल जास्त. लोखंड तापले की वाढते हे शाळेत शिकवतात, पण गावच्या लोहाराने ते शाळेची पायरी न चढता शेकडो चाकांवर दाखवून दिले होते.

एक खोट मात्र होती. लोखंडी धाव अरुंद असते. सारे ओझे दोन-तीन बोटांच्या पट्टीवर येते आणि रस्ता कापला जातो. रबरी टायरची बंडी आली तेव्हा ओझे रुंद जागेवर पसरले. बैलांचे श्रम कमी झाले आणि वाटही कमी फाटू लागली.

पाठीवरचा व्यापार

बंडीच्या आधी काय होते? बैलाची पाठ. घाट, जंगल, नाले, जिथे चाक जात नाही तिथे बैलाचे पाय जात. या कामात बंजारा, म्हणजे आपल्याकडचे लमाण, यांचा हात कोणी धरू शकत नसे. शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा. पुढे नायक. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी. कोकणपट्टीचे मीठ आत यायचे, आतले धान्य बाहेर जायचे. तांडा दिवसाला थोडेच कोस चाले, कारण बैल वाटेतच चरत. म्हणजे चाऱ्याचा खर्च नाही. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सारा संसार बरोबर. त्यांचे घर म्हणजेच रस्ता होता.

वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाण्याच्या आधी कुठे जात असे, माहीत आहे? गंगेच्या काठी, मिर्झापूरला. वाट सुमारे पाचशे मैलांची. बैलाच्या पाठीवर कापूस लादून तांडे सातपुडा ओलांडीत. वाटेत पाऊस लागला तर कापूस भिजून जड होई, बैल मरत, माल सडे. 1825-26 च्या सुमाराला मुंबईच्या विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्याची सुरुवात केली. तोही बैलांवरच.

लढायांनाही तांडेच लागत. सैन्य पोटावर चालते, आणि ते पोट लमाणांच्या बैलांवर असे. हिवरखेडच्या शेजारचे अडगाव इतिहासात आहे ते अशाच एका लढाईमुळे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याने तिथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे दोन आठवड्यांनी, 15 डिसेंबरला, गाविलगड पडला. गडाच्या उत्तरेकडून मारा करायचा तर जड तोफा डोंगरामागे नेणे भाग होते. तिथे वाटच नव्हती. मग सैनिकांनी आधी डोंगरात वाट कोरली आणि पुष्कळ ठिकाणी हातांनी तोफा ओढल्या. आपल्या भागात राज्यकर्त्यांनी घाईघाईने केलेला एक रस्ता हा असा तोफांसाठी होता. गावकऱ्याला बाजारात जायला मिळावे म्हणून तो केला नव्हता.

कापसाच्या मागे रस्ता

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. मग सगळ्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. भाव चढले. कापूस लवकर बंदरावर पोचला पाहिजे अशी घाई झाली. रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. 1870 साली खामगावला खास फाटा टाकला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आठ-नऊ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! खामगावच्या कापसाच्या बाजाराची किंमत यावरून कळते.

रेल्वे आली तशी सडका आल्या. पण त्यांची दिशा पाहा. अकोटहून अकोला स्टेशनकडे, खेड्यांकडून कापसाच्या बाजाराकडे. जशा ओढ्याच्या धारा नदीकडे जातात तशा सगळ्या सडका स्टेशनकडे. एका गावाहून शेजारच्या गावाला जायला सडक नाही, दवाखान्याला नाही, शेताला तर नाहीच. कापूस बाहेर नेणे हा हेतू होता आणि तो पुरा झाला. यात शेतकऱ्याचे काहीच भले झाले नाही असे मी म्हणणार नाही. सडकेमुळे त्याला भाव कळू लागला, दुष्काळात बाहेरचे धान्य येऊ शकले. पण सडक त्याला विचारून आखलेली नव्हती, एवढे खरे.

दिवाळी झाली की बंड्यांच्या रांगा सुरू होत. बाजूंना उंच तट्टे बांधून कापूस दाबून भरलेला. वर धुरकरी घोंगडी पांघरून बसलेला. बंडीखाली कंदील टांगलेला. रात्री थंडीत बैल चांगले चालतात, म्हणून रात्रीच निघत. एकामागे एक पन्नास बंड्या लागल्या तर मागच्या धुरकऱ्याला झोप लागली तरी चाले. बैल पुढच्या कंदिलामागे जात. जिनाच्या फाटकापुढे मात्र ताटकळावे लागे. ही रांग फार वर्षे टिकली. 1972 साली सरकारने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हाही केंद्रापुढे बंड्या दिवसच्या दिवस उभ्या असत, आणि बैलांचे कुटार संपून जाई.

रेल्वे आणि सडकेने एका माणसाचे घर मात्र मोडले. लमाणांचा व्यापार बसला. जो तांडा सगळ्या देशाला मीठ पोचवत होता तो एका पिढीत बेकार झाला. त्यावर आणखी मीठ चोळले ते 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. फिरणारा माणूस म्हणजे चोर असे धरून देशातल्या पुष्कळ फिरत्या जमातींवर सरकारने शिक्का मारला. त्यात ठिकठिकाणचे बंजारेही आले. तो कायदा स्वराज्यात, 1952 साली, रद्द झाला. तांडे आता यवतमाळ, वाशीमकडे डोंगराच्या कडेने वसले आहेत. त्यातल्याच पुसद भागातले वसंतराव नाईक पुढे 1963 पासून 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

वाटेवरची माणसं

वाट म्हणजे नुसता व्यापार नव्हे. सासुरवाशिणीला वाट म्हणजे माहेर. दिवाळीच्या तोंडावर भाऊ मुऱ्हाळी म्हणून यायचा. दमणी किंवा रेंगी जुंपलेली, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. घुंगरांचा आवाज ऐकून घरातली पोर ओळखायची की आपलेच बैल आले. रस्ता नसेल तर मुऱ्हाळी येत नसे. मग बाई वर्षभर माहेराला अंतरली. पाऊस लांबला तर दिवाळीलाही चिखल वाळलेला नसे. बायांच्या जुन्या ओव्यांत माहेरची वाट पुन्हा पुन्हा येते, ती उगीच नव्हे.

वाटसरूला पाणी देणे हे आपल्याकडे पुण्य मानले आहे. चैत्र-वैशाखात झाडाखाली रांजण भरून पाणपोई घालतात. वाटेवर विहीर खणणे, वड लावणे, धर्मशाळा बांधणे, ही कामं राजांनी केली, राण्यांनी केली, सावकारांनीही केली. आपल्या वऱ्हाडात हे काम एका फाटक्या माणसाने केले. गाडगेबाबा 1876 साली अंजनगावकडच्या शेणगावात जन्मले. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र तिथे राहिले नाहीत. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी त्यांचे प्राण गेले. रस्त्याचा माणूस रस्त्यावरच गेला.

पण पाणपोई सगळ्यांना होती का? इथे खरे तेच सांगितले पाहिजे. नव्हती. 1901 सालची गोष्ट. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. साताऱ्याहून भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांच्या नोकरीचे गाव गोरेगाव, ते लांब. ही मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवाला त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एकजण तयार झाला. तोही गाडीत बसला नाही. गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. वाटेत नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. जवळ खायला होते, पण पाण्यावाचून मुले उपाशी झोपली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

26 जानेवारी 1950 रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या 15 व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्याबरोबर रस्ते हा शब्द आहे. सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा सर्वांसाठी असलेल्या रस्त्यावरून जायला धर्म, जात, लिंग, जन्मठिकाण यांवरून कोणाला अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. वाचता येणाऱ्या प्रत्येकाने हे कलम एकदा स्वतः वाचावे. रस्ता या साध्या शब्दाला घटनेत जागा का द्यावी लागली, ते मसूरच्या स्टेशनावर उभ्या राहिलेल्या पोराकडे पाहिले की समजते.

मोटार आली

मोटारी वाढू लागल्या तेव्हा सडका पुरेनात. 1927 साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे आपले मराठी गृहस्थ. त्यांनी सांगितले, रस्ता हा आता नुसता त्या त्या जिल्ह्याचा विषय नाही, देशाचा आहे. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यावरच खर्च करा. आज आपण पंपावर जो कर भरतो त्यातल्या रस्त्याच्या हिश्श्याचे मूळ इथे आहे. डिसेंबर 1943 मध्ये देशातले मोठे इंजिनियर नागपूरला जमले. त्यांनी रस्त्यांच्या पायऱ्या ठरवल्या. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावचे. चांगल्या शेतीच्या भागात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये, असेही त्यांनी मनाशी धरले. कागदावर का होईना, गावाचा विचार प्रथम झाला तो असा.

येस्टीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी धावली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, म्हणून आपल्याकडे वेगळी व्यवस्था होती. महाराष्ट्र झाल्यावर 1961 पासून सगळीकडे एकच महामंडळ झाले. जुनी माणसं मोटारीला सर्व्हिस म्हणत. सर्व्हिस गावात येऊ लागली आणि काय काय बदलले बघा. तालुक्याच्या शाळेत मुली जाऊ लागल्या. दूधवाला, टपाल, नवे वर्तमानपत्र एकाच गाडीने येऊ लागले. आणि एका बाकावर कोणीही कोणाशेजारी बसू लागला. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले, जात विचारली नाही. ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा गाड्यांत बायांचीच गर्दी दिसू लागली. माहेरी न्यायला मुऱ्हाळ्याची वाट पाहायची गरज उरली नाही.

1972 चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. शेतात काम नाही, घरात दाणा नाही. सरकारने रोजगार हमीची कामं काढली. हजारो माणसं खडी फोडू लागली. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, त्या मापाने खडी मोजायची. हातोड्याने बोटे फुटत, दगडाची चिपरी डोळ्यात जाई, बाया लेकराला झाडाला झोळी बांधून निजवत. राज्यातले पुष्कळ रस्ते त्या हातांनी झाले. वि. स. पागे यांच्या खटपटीने या योजनेला पुढे कायद्याचे बळ मिळाले. कायदा 1977 साली झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क महाराष्ट्राने आधी दिला. सगळ्या देशासाठी तसा कायदा 2005 साली झाला.

अकोल्याच्या कावडयात्रेचाही उगम दुष्काळाच्या साली, 1944 मध्ये सांगतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मंडळी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि ते खांद्यावरून चालत आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला घालतात. हीच आपली अकोट-अकोला वाट. एरवी माल आणि मोटारी नेणारी सडक त्या रात्री अनवाणी पायांची होते.

त्याच गांधीग्रामच्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाला ऑक्टोबर 2022 मध्ये तडा गेला. वाहतूक बंद झाली. अकोट, तेल्हारा, हिवरखेड भागातल्या लोकांना अकोला एकदम लांब झाले. लांबचा वळसा, जास्त भाडे, दवाखान्याला उशीर. एका पुलावर किती गावांचा संसार उभा असतो ते तेव्हा कळले.

मोठा रस्ता आणि पांदण

आता मोठे रस्ते वेगाने होतात. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा एक पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाला. जगातला विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याचा पहिला भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, शेवटचा जून 2025 मध्ये. रस्ता उत्तम आहे. पण त्यावर बंडी नेता येत नाही, सायकल नाही, फटफटीही नाही. ज्यांच्या शेतातून तो गेला त्यांना त्याच्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जावे लागते.

आणि आपली पांदण? गावातून शेताकडे जाणारी ती वाट. ती पुष्कळ ठिकाणी आजोबांच्या वेळी होती तशीच आहे, किंवा आहे त्याहून अरुंद झाली आहे. कारण आपणच. बांधाला आपल्याकडे धुरा म्हणतात. दरसाल नांगरताना धुरा वीतभर वाटेत सरकवायचा. दोन्ही बाजूंनी दोन वीत. काही वर्षांत बंडीची वाट पायवाट होते आणि एक दिवस बाभळी उगवून तीही बुजते. मग काय होते? वेचलेला कापूस डोक्यावर आणावा लागतो. तूर काढायचे यंत्र शेतात पोचत नाही. मजूर यायला नाही म्हणतात. पावसाळ्यात शेतावर कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर त्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, तोवर वेळ निघून गेलेली असते. विक्रमी रस्ता पाच दिवसांत होतो आणि दोन किलोमीटरची पांदण पन्नास वर्षांत होत नाही, हे गणित मनाला पटत नाही.

पण यात काही करता येते. पहिले काम म्हणजे गावचा नकाशा पाहणे. तो तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. नकाशात तुटक रेघा शोधा. दोन तुटक रेघा शेजारी शेजारी असतील तर तो गाडीरस्ता. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकच तुटक रेघ असेल तर ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. नकाशात रेघ आहे आणि जागेवर वाट नाही, म्हणजे ती कोणीतरी दाबली.

असलेली वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या 5 व्या कलमाखाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ माणसं समेटाची वाट पाहत बसतात आणि मुदत निघून जाते. शेताला मुळातच वाट नसेल तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचे 143 वे कलम आहे. त्याखाली शेजाऱ्यांच्या धुऱ्यावरून वाट द्यायची की नाही हे तहसीलदार ठरवतात. मे 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्क या रकान्यात व्हावी, असेही ठरवले. म्हणून आपला सातबारा काढला की नुसते नाव आणि क्षेत्र पाहू नका. तो रकाना वाचा. वाट मिळाली आणि नोंद झाली नाही, तर पुढचा मालक पुन्हा नाही म्हणू शकतो.

अर्जाबरोबर सातबारा, नकाशाची नक्कल, शेजारच्या शेतकऱ्यांची नावे आणि गट नंबर लावा. वाट कुठून कुठे होती ते कच्च्या रेघांनी काढून दाखवा. तहसीलदार किंवा त्यांचा माणूस जागेवर पाहणीला येतो, तेव्हा गावातली दोन जुनी माणसं हजर ठेवा. अर्ज उन्हाळ्यात केलेला बरा. पावसाळ्यात पाहणीला आलेल्या साहेबांची गाडीच पांदणीत रुतते, आणि ती काढायला बैल आपल्यालाच न्यावे लागतात.